आतली, बाहेरची

५ ऑक्टोबर, बागेतून

बारके,

फोन तू बंद करून ठेवलायस, म्हणून हा कागद. तुझे मास्तर तो तुझ्या खोलीच्या दाराखालून सरकवणार आहेत. फाडायचा असेल तर खुशाल फाड, पण वाचून फाड. सख्ख्या थोरल्या बहिणीचं एवढं तरी ऐकशील की नाही?

बागेतल्या प्रदर्शनात जागा मिळाली आपल्याला. तळं आणि मुलांचे झोपाळे यांच्या मधली हिरवळ. फलकावर दोघींची नावं लागली आहेत, तुझं आधी, कारण अर्ज तू भरला होतास. ही बाग ज्यांच्या ताब्यात आहे त्या बाई फार कडक आहेत. हातात कायम शिट्टी. त्यांनी विचारलं, दुसऱ्या बाई कुठे आहेत? मी म्हणाले, धाकटी बहीण माझी, येईल दोन दिवसांत. आता मला तोंडघशी पाडू नकोस.

बाकीची मंडळी बघायला तरी ये. एकाने आरशांचा खांब उभा केलाय, सायकलवाल्यांच्या डोळ्यांवर उजेड येतो आणि ते सरळ झुडपात. दुसरा एक दाढीवाला आहे, त्याने निळ्या बादल्यांचा डोंगर रचलाय. काल माळ्याने त्यातल्या दोन काढून झाडांना पाणी घातलं. दाढीवाला हातपाय आपटत म्हणतो, ती कला आहे! माळी म्हणतो, हो, पण गळत नाही. तू असतीस तर तिथेच गवतावर फतकल मारून हसली असतीस.

वर्ष संपेपर्यंत सगळं उघड्यावर राहणार. मग ज्याने त्याने आपलं आपण उतरवायचं आणि गवत होतं तसं करून जायचं. वेत आणलाय, तळ्याशेजारच्या हौदात भिजत घातलाय. मी काय विणणार ते तुला ठाऊक आहे. वेगळं काय विणू? चित्र एकच आहे आपल्याकडे.

मास्तर म्हणाले ताट अर्धं परत येतं. अर्धं तर अर्धं. पण ते अर्धं सोडू नकोस, माझे आई.

ताई


११ ऑक्टोबर

बारके,

निरोप पोचला. ‘ताईला सांगा, ते बनवू नको.’

जूनपासून तुझ्या तोंडून निघालेलं हे पहिलं धड वाक्य, तेही दाराआडून, नवऱ्याला! आणि मास्तर, एवढे वर्गात पोरांना धाकात ठेवणारे मास्तर, फोनवर मला हे सांगताना हुंदके देत होते. बोलली हो, म्हणे, बोलली. मला राग यायला हवा होता. मी पण रडले. म्हणजे माझा उद्योग अगदीच पाण्यात गेला नाही.

तर ऐक. मी बनवतेय. थांबवायचं असेल तर इथे ये, माझ्या झिंज्या धर आणि थांबव. तुला सांगते, त्यासाठीच मी हे हातात घेतलंय. म्हटलं, समजावून नाही आली तर भांडायला तरी येईल.

चित्रातली एक रेघ बदललेली नाही. बदलायला बसले होते, लपवत नाही. सातवा महिना होता तुला, टेबलाशी वाकता येईना, तर कागद पोटावरच ठेवून काढलंस. भलंमोठं गोल पोट, वेताचं, आणि खाली पोरांना रांगत आत जायला तोंड. त्याखाली लिहिलंस, ‘आत कितीही जण.’ मी त्या पोटाचं मडकं करून पाहिलं, मग नुसता गोळा करून पाहिला. नाही जमलं. ते पोटच आहे. काय करू?

एकटीचे फार हाल होतात गं. आपलं कसं, मी आतली, तू बाहेरची. मी आतून वेत बाहेर द्यायचा, तू ओढून वळवून परत आत द्यायचास. तास न् तास एक शब्द न बोलता. आता मी आतून वेत ढकलते, मग खालच्या फटीतून सरपटत बाहेर येते, तो ओढते, वळवते, आत खुपसते, आणि परत सरपटत आत. गुडघ्यांची सालटी निघाली आहेत. फिरायला येणारे लोक थांबून बघतात, बाईला काही लागिरं झालंय का म्हणून.

दाढीवाला म्हणाला, मी राहू का बाहेर? राहा म्हटलं. त्याने असा काही जोर लावला की वेत मोडलाच. पुढचा इतका सैल सोडला की लोंबायला लागला. भला माणूस आहे, पण कुठे थांबायचं ते त्याला कळत नाही. तुला मला कधी सांगावं लागलं नव्हतं. मी त्याला चहा पाजला आणि त्याच्या बादल्यांकडे परत पाठवला.

न्हाणीघर खोलीतच आहे म्हणून तुझं फावलंय. नसतं तर कधीच बाहेर आली असतीस.

ताई


१९ ऑक्टोबर

बारके,

आज मी स्वतःला कोंडून घेतलं.

हस. हसायचंच आहे ते. बागेत, भर दुपारी, शे-दीडशे माणसांच्या देखत, पोटात कोंडून घेतलं.

आपण तोंड कधी आधी ठेवत नाही ना. आधी ठेवलं की तिथला वेत सैल पडतो आणि सगळा घेर तिकडे कलतो. म्हणून सगळं विणून बंद करायचं, मग तू बाहेरून कात्रीने तोंड कापायचंस आणि मी आतून भूत होऊन बाहेर यायचं. आज हात असे चालत होते म्हणून सांगू! कितीतरी दिवसांनी. विणता विणता मी विसरले गं. फट उरली होती तीसुद्धा आतून विणून टाकली, चापूनचोपून, दुहेरी. कात्री बाहेर पिशवीत. शेवटचं टोक खोचलं आणि सवयीने ओरडले, ‘बारके, काप!’

मग माझं मलाच ऐकू आलं.

दुहेरी वीण हाताने उसवत नाही, आपणच तशी घालतो, कुणा पोराने उसवू नये म्हणून. नखं तुटली. दात लावून पाहिले. मग हाका मारायला लागले. बागेच्या बाई जेवायला गेलेल्या, दाढीवाला आलेलाच नव्हता. एक कुटुंब येऊन उभं राहिलं. मी म्हणाले, अहो, मला बाहेर काढा, मी अडकलेय. त्या गृहस्थाने फलक वाचला आणि बायकोला म्हणतो, ‘हे त्यातलंच आहे. बाई आत असते.’ बायको म्हणाली, छान आहे. फोटो काढले.

मी जीव खाऊन ओरडले. बारके, लोकांनी टाळ्या वाजवल्या!

गर्दी वाढली. मी शिव्या दिल्या, हात जोडले. एका आजीबाईंना दया आली, त्यांनी वेतांच्या मधून बिस्कीट आत सारलं. खा हो, म्हणाल्या, किती वेळ काम करताय. आणि मग माझा बांधच फुटला. नाक गळेपर्यंत रडले. तेव्हा कुणीतरी म्हणालं, किती खरं करतात नाही!

मग मी ओरडायची थांबले. वेतातून बाहेरचे पाय दिसत होते, बूट, चपला, एक कुत्रं. सगळे माझ्याकडेच बघत होते आणि कुणालाही काही कळत नव्हतं. तिथे मला तुझं दार आठवलं. मास्तर ताट ठेवून जातात, तुझी सासू दाराला कान लावून बसते, डॉक्टर बाहेरूनच चार गोष्टी सांगून फी न घेता निघून जातात, आणि मी आपली कागदामागून कागद सरकवतेय. मी तरी त्या बिस्किटवाल्या आजीबाईंपेक्षा वेगळं काय करतेय? तू आत काय ओरडत असशील, बारके? मला ऐकू येत नाहीये. कान फाटेस्तोवर ऐकतेय, तरी येत नाहीये.

शेवटी माळी आला. छाटणीची मोठी कात्री घेऊन कचाकच कापलं आणि मला बखोटीला धरून ओढलं. बाई, तुम्हाला दुसरे कामधंदे नाहीत का, म्हणाला. तोंड भलत्याच जागी पडलंय, जरा वर आणि तिरकं. तू बघितलंस तर मला जन्मभर ऐकवशील.

ऐकव ना. ये आणि ऐकव.

ताई


२८ ऑक्टोबर

बारके,

प्रदर्शन उघडलं. तुझं खरं झालं, आत कितीही जण. पोरं कोंबून कोंबून बसतात, किंचाळतात, एकमेकांना लाथा घालतात. बागेच्या बाई शिट्ट्या मारून थकल्या. आरशांच्या खांबाकडे कुणी फिरकत नाही, सगळी झुंबड आपल्याकडे.

तू बरोबर होतीस. बनवायला नको होतं, असं मला रोज वाटतं आणि रोज सकाळी मीच तिथे जाऊन बसते. काल एक चिमुरडी आत गेली, नुकती चालायला लागलेली. आत जाऊन बसली ती बसलीच. तिची आई बाहेरून लाडीगोडी लावतेय, ये बाई, ये सोनू, आणि ती आतून नुसती हसतेय. मी उठले आणि बादल्यांच्या मागे जाऊन उभी राहिले. त्या क्षणी मला जगातल्या सगळ्या पोरांचा तिटकारा आला. तुला नाही सांगायचं तर कुणाला सांगू?

आज सकाळी मास्तरांचा फोन होता. परवापासून ताट जसंच्या तसं परत येतंय. पाण्याचा तांब्यासुद्धा. दारावर थाप मारली तर पूर्वी आतून काहीतरी आपटायचीस, आता तेही नाही. मास्तरांचा आवाज कसा झालाय माहितेय? वर्गात फळ्याकडे तोंड करून उभा राहतो म्हणाले, पोरांना दिसू नये म्हणून.

तू मला विचारशील, एवढा जीव जळतोय तर माझ्या दाराबाहेर येऊन का बसत नाहीस? बागेत काय करतेस?

का येत नाही ते तुला माहीत आहे. त्या दिवशी दवाखान्यात बाळ रडलंच नाही, आणि नर्स म्हणाली, बघायचंय का. तू भिंतीकडे तोंड केलंस. मास्तर बाहेर बाकावर होते, त्यांना उठवेना. मी म्हणाले, मी बघते. मी पाहिलं. घेतलं सुद्धा. तू भिंतीकडेच होतीस. आणि घरी आल्यावर तू मला म्हणालीस, ‘ताई, तुझ्या तोंडाकडे बघितलं की मला ती दिसते. तू जा. परत आलीस तर माझं मेलेलं तोंड बघशील.’

म्हणून मी गेले. दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, दुःखात माणूस बोलतं, मनावर घेऊ नये. मी तुला अंगाखांद्यावर वाढवलंय. तू बोलतेस ते करतेस, लहानपणी बोलली होतीस झाडावरून उडी मारते म्हणून, आणि मारलीस. मला तुझी भीती वाटते. सकाळी फोन वाजला की मास्तरांचं नाव नाही ना, ते आधी बघते.

मी काय करू ते कुणीतरी सांगा मला. आले तरी मरतेस, नाही आले तरी मरतेस. जेव गं. एक घास. माझ्यावर उपकार म्हणून जेव.

ताई


१ नोव्हेंबर, बसमधून

बारके,

हा कागद तुला माझ्या आधी मिळणार नाही. तरी लिहितेय, कारण हात रिकामे राहिले तर मी या बसमध्ये मोठ्याने रडेन आणि शेजारच्या बाईंनी आधीच दोनदा विचारलंय काय झालं म्हणून.

डॉक्टर म्हणाले, आता वाट बघण्यात अर्थ नाही, उचलून दवाखान्यात न्या. मास्तरांनी उद्या सुताराला बोलावलंय, बिजागऱ्या काढून दार उतरवायला. मला नुसतं कळवायला फोन केला त्यांनी. मी ओरडलेच. म्हटलं, मास्तर, मी येईपर्यंत त्या दाराला हात लावाल तर याद राखा. सुतार आणि कंपाउंडर घेऊन तुम्ही तिच्या अंगावर जाणार? घाबरून ती काय करेल, विचार केलात? ते म्हणाले, मग काय करू ताई, तुम्हीच सांगा. येतेय एवढंच म्हणाले.

बागेच्या बाईंना सांगायला गेले तर त्यांनी नियम काढला. मधेच काम सोडून जाता येत नाही. सोडलं तर त्याची जबाबदारी बाग घेत नाही, दुसऱ्या दिवशी माळी ते उतरवणार आणि फांद्यांबरोबर चिरायच्या यंत्रात घालणार. मी म्हणाले, घाला. त्यांनी हातातली शिट्टी खाली ठेवली. मग हळूच म्हणाल्या, तुमची बहीण येणार होती ना? मी म्हणाले, मीच चाललेय.

दाढीवाला एसटी स्टँडपर्यंत पिशवी घेऊन आला. म्हणाला, मी माळ्याला सांगतो, दोन दिवस थांब म्हणून. मी म्हटलं, नको. खरंच नको वाटलं, बारके. आज सकाळी मागे वळूनही बघितलं नाही. तुझं पोट, माझं पोट, ते चित्र, सगळं जाऊ दे यंत्रात. मला तू हवीस.

तू दिलेली धमकी माझ्या लक्षात आहे. सगळी वाट तीच डोक्यात आहे. तरी येतेय.


२ नोव्हेंबर, दुपार, तुझ्या दाराबाहेर

बारके,

मी आलेय. घाबरू नकोस. दार ठोठावत नाही, हाक मारत नाही. मास्तरांना आणि सासूबाईंना खाली पाठवलंय. सुतार चहा पिऊन परत गेला. तुझ्या दाराबाहेर फरशीवर बसलेय, पाठ दाराला लावून. माझं तोंड तुला दिसणार नाही. जिन्याकडे आहे.

कालचा कागद आणि हा, दोन्ही एकदमच सरकवतेय. आत तुझ्या श्वासाचा आवाज येतो का ते बघत होते. मघाशी काहीतरी सरकल्यासारखं वाटलं. तू असशील तर असशील.

आता एक सांगते. इतके दिवस सांगितलं नाही, कारण तू विचारलं नाहीस आणि मी सांगितलं तर तुला काय होईल या भीतीने मेले होते. पण त्या पोटात बसून माझी खात्री झाली की तू विचारते आहेस. रोज विचारते आहेस आणि आम्हाला वाटतंय तू गप्प आहेस. चुकत असेन तर कागद इथेच खाली टाक, पुढचं वाचू नकोस.

तिला मी घेतलं तेव्हा ती गरम होती. तुझ्याच अंगाची ऊब होती ती. चांगली वजनदार होती, हाताला कळत होती. डोक्यावर जावळ भरपूर, ओलं, कपाळाला चिकटलेलं. नाक तुझं, बसकं. रागावू नकोस, आपल्या घरात सगळ्यांचंच बसकं आहे. बोटं लांब. एक हात मुठीत होता, मी तो उघडून पाहिला आणि परत मिटला. आणि कान! कान थेट मास्तरांचे, दोन्ही बाजूंनी बाहेर आलेले. बारके, मला तिथे हसू आलं. माझ्या तोंडून निघूनच गेलं, अगं बाई, मास्तरच की! नर्सने माझ्याकडे असं बघितलं की मला वेड लागलंय. लागलंच होतं. मी तिला पोटाशी धरून हसत होते आणि रडत होते, आणि तुझी पाठ माझ्याकडे होती, आणि मला तुला हलवून सांगायचं होतं की अगं, बघ तरी, किती गोड आहे.

होती गं ती. कुणी तिला काही नाव दिलं नाही, कुणी तिच्याविषयी बोलत नाही, सासूबाई ‘ते’ म्हणतात. ते नव्हतं. ती होती, आणि मी तिची मावशी आहे. मला तुझ्याशिवाय तिच्याविषयी कुणाशी बोलता येत नाही. मास्तरांशी सुद्धा नाही, कानांचं तर मुळीच नाही. माझ्या तोंडाकडे बघितलं की ती दिसते म्हणालीस ना? दिसू दे. माझ्याकडे दुसरं काही नाहीये तिचं. आपण दोघी मिळून बघू.

तू दार उघडायलाच पाहिजे असं नाही. मी इथेच आहे. तू आत काही बोललीस तर मी ऐकेन, नाही बोललीस तर बसेन. जेवायलाही सांगत नाही आता. फक्त तिथे आहेस एवढं कळू दे. पेन कागदाबरोबर आत सरकवतेय.

ताई


(याच कागदाच्या मागे, वेड्यावाकड्या अक्षरात)

ताई कडी काढली. दार फुगलंय. माझ्या हातात जोर नाही. तू बाहेरून ढकल.